भुरीला ‘येते’ म्हणाले

न्यूझीलंडहून परत आल्यावर जळगावात मला ज्याने त्याने एकच विचारलं, मेंढ्या किती पाहिल्या. पाहिल्या, भरपूर पाहिल्या, पण मेंढ्यांबद्दल मला काही सांगायचं नाही. मला सांगायचंय ते मुठीएवढ्या एका झाडाबद्दल. ते दगडाच्या रंगाचं असतं, ते उगवतं तिथे माणसाला धड उभं राहता येत नाही, आणि मी त्याच्याशी मराठीत एक शब्द बोलून बसले. डोंगराचं नाव लिहिणार नाही. तशी मला तंबी मिळालेली आहे, कारण अशी झाडं उपटून नेणारे हौशी तिथेही आहेत.

आधी माझं सांगते. जळगावच्या एका केळीच्या टिश्यूकल्चर लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काढली. झाडाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, काचेच्या बाटलीत खुराकाच्या जेलीवर ठेवायचा, आणि एकाची हजार रोपं करायची, हे माझं काम. तोंडाला मास्क, हात सतत स्पिरिटने पुसलेले, आणि बोलायचं नाही. घरी आल्यावर मी दुप्पट बोलते ते त्यामुळेच, असं आमचे हे म्हणायचे. मुलगी जयश्री, म्हणजे जयू, शिकायला ख्राइस्टचर्चला गेली आणि तिथलीच झाली. ती हॉर्नबीत राहते आणि एका छोट्या नर्सरीत तिथल्या डोंगरांवरची मूळची झाडं वाढवते. आईचाच धंदा, फक्त केळीऐवजी कोणी खात नाही असा पाला. ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेले आणि मार्चअखेर परतले.

हॉर्नबी

हॉर्नबी म्हणजे आपली एमआयडीसी, आणि तिला चिकटून मोठमोठी दुकानं. रस्त्यावर माणूस नाही, नुसत्या गाड्या. पहिल्याच आठवड्यात जयू म्हणाली, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आण. मी स्टीलची बरणी घेऊन गेले. तिथे चॉकलेटं, पाव, वर्तमानपत्रं, आणि गल्ल्यावर एक गुजराती गृहस्थ. डेअरी म्हणजे तिकडे किराणा दुकान. बरणी बघून त्यांनी प्लास्टिकची बाटली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘माझी आई पण बरणीच घेऊन आली होती.’

नर्सरी घरापासून दहा मिनिटांवर, गोदामांच्या मागे. तिथल्या फ्रिजमध्ये ओल्या वाळूत बी ठेवलेलं होतं. डोंगरावरच्या बियांना आधी खोटी थंडी दाखवावी लागते, तेव्हा कुठे त्यांना हिवाळा संपल्यासारखं वाटतं. जयूच्या त्या बियांना तीन महिने थंडी दाखवून झाली होती आणि एकही उगवली नव्हती. मी एक बी नखाने दाबून पाहिली. पिचकली. आत काहीच नव्हतं.

‘सगळ्या अशाच आहेत,’ जयू म्हणाली. ‘एकट्या झाडाला पोकळ बी धरतं. दुसऱ्याचा पराग मिळाला तरच भरतं.’

झाडाचं इंग्रजी नाव माझ्या जिभेला वळेना, म्हणून मी त्याला भुरी म्हणायला लागले. द्राक्षवाल्यांनी रागावू नये, त्यांच्याकडे तो रोग आहे हे मला माहीत आहे. पण रंगच तसा, राखेचा. भुरी खडीच्या उतारावर, सुट्ट्या दगडांत उगवते. दोन-तीन वर्षं पानांचा गुच्छ करून बसते, एकदाच फुलते, आणि बी टाकून मरते. दोन वर्षांपूर्वी त्या डोंगरावर दरड सुटली आणि उतारावरच्या भुरी गाडल्या गेल्या. दोन उरल्या. एक गेल्या उन्हाळ्यात एकटीच फुलून मेली, फ्रिजमधलं पोकळ बी तिचंच. दुसरी तेव्हा लहान होती.

मेलेल्या झाडाचा एक तुकडा जयूने आधीच काढून ठेवला होता, आणि त्यातून बेचाळीस बाटल्या भरल्या होत्या. तिने त्या खोलीचं दार उघडलं तेव्हा माझा ऊर भरून आला. पांढरा उजेड, रॅकवर ओळीने बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीत सारखाच राखाडी गुच्छ. तुकडा कुठून घ्यायचा हे तिने मला वर्षापूर्वी फोनवर विचारलं होतं. मी सांगितलं होतं, फुलाचा देठ घे. केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, रोगट निघाले की आम्ही केळफुलातून रोपं काढायचो, आणि लॅबमध्ये तो हात माझाच होता. फुशारकी होती मला त्याची.

डोंगर, पहिल्यांदा

डिसेंबरात, म्हणजे त्यांच्या भर उन्हाळ्यात, आम्ही तिघी निघालो. तिसरी हाना. सत्तरीची, ठेंगणी, माओरी, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांतली बाई. मानाने मला ती आंटी म्हणायची. तिचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगराला आपलं माणूस मानतात, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय तिथलं पानही कोणी तोडत नाही. जयूला देठ घ्यायची परवानगी हानानेच मिळवून दिली होती. बदल्यात जयूने कबूल केलं होतं की बाटल्यांतली रोपं ती उतारावर परत लावेल. माओरी लोकांत एखादी गोष्ट कबूल करणं किती जड असतं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

वाटेत एका बेकरीत ‘मीट पाय’ खाल्ली. खिम्याची गरम रस्सेदार करंजी समजा, आणि पहिल्या घासाला साडीवर सांडणारच हेही समजा. मी डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा घेतला होता. हानाने पायवर ठेचा लावून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि म्हणाली, ‘स्वीट ॲज.’ मला वाटलं तिला गोड लागला. जयू हसून म्हणाली, आई, म्हणजे झकास.

डोंगराच्या पायथ्याशी आपण चपला काढतो तसं ते बूट धुतात. ब्रशने तळवे घासायचे, औषध मारायचं, म्हणजे बाहेरचं बी वर जात नाही. हाना डोळे मिटून तिच्या भाषेत काही म्हणाली. आम्ही मान खाली घालून उभ्या होतो. मग चढ सुरू झाला.

खडीचा उतार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. डोंगराचा अख्खा कुशीचा भाग सुट्ट्या करड्या दगडांचा, गवताचं पातं नाही. पाऊल टाकलं की दगड खाली सरकतात आणि कपबशी वाजावी तसा आवाज येतो. आपण थांबलो तरी तो आवाज थांबत नाही. वर कुठेतरी एक सुटतो, थोडा घसरतो, थबकतो. नंतर दुसरा. वारा अजिबात नव्हता. तासाभराने माझ्या लक्षात आलं की आवाज आमच्या मागून येतोय, आणि चालीचा आहे. एक, दोन. एक, दोन. मी मोजलं, आम्ही तिघी पुढे होतो.

मी वळणार तोच हाना म्हणाली, ‘मागे बघू नको, आंटी. पायाकडे बघ.’

मी पायाकडे पाहिलं. माझा बूट हवेत होता, आणि खाली भुरी होती. इतका वेळ मी तिथे दगडच पाहत होते. जाड, दुमडलेली पानं दगडाला दगड होऊन चिकटलेली, आणि मधोमध कळ्यांचा एक घट्ट गड्डा. पाय कसाबसा बाजूला टाकला आणि ढुंगणावर आपटले. उतारावर उरलेली शेवटची भुरी मी चिरडणार होते, या विचाराने मला बराच वेळ उठवेना. आणि मागचा आवाज थांबला होता.

जयूने फोटो काढले, मापं घेतली. निघताना मी खाली वाकून, कोणाच्याही घरून निघताना म्हणते तसं म्हणाले, ‘येते हं.’

हाना थांबली. ‘काय म्हणालीस तिला?’

जयूने सांगितलं, ‘आय ॲम कमिंग.’

‘पण ती तर जातेय.’

मग मला माझ्या मोडक्या इंग्रजीत समजवावं लागलं. आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत. जाते म्हणजे कायमची. म्हणून येते म्हणायचं.

हानाने सगळं नीट ऐकून घेतलं. ‘इथे येते म्हटलं तर यावं लागतं, आंटी,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात दरडावणी नव्हती, पाऊस येईल असं सांगावं तसं तिने सांगितलं. ‘ऐकलंय तिने.’

उतरताना एकही दगड वाजला नाही. आमच्या पायाखालचासुद्धा.

पांढरी खोली

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नर्सरीत गेलो तर खोलीत वास होता. मंद, गोडसर, लिंबाच्या फुलांसारखा. बाटल्यांची झाकणं पट्टी लावून बंद केलेली असतात, त्यातून वास यायचं काही कारण नाही. जयूने लाईट लावला आणि दारातच उभी राहिली.

बेचाळीसच्या बेचाळीस बाटल्यांत फुलं आली होती. मोहरीएवढी पांढरी फुलं, अंगठ्याएवढ्या रोपांवर. आदल्या संध्याकाळी एकाही रोपावर कळी नव्हती, मी स्वतः पाहिलं होतं.

तेवढ्यात जयूचा फोन वाजला. हाना. ती डोंगरावरूनच बोलत होती. म्हणाली, वरची भुरी आज उमलली.

जयूचं पहिलं वाक्य होतं, ‘आई, फुलली म्हणजे आता मरणार. सगळ्या.’

मी खुर्चीत बसले. मला कळलं होतं काय झालं ते. तुकड्याला आपलं वय लक्षात राहतं. मुनव्यातून घेतला तर तो बाळ असतो, फुलाच्या देठातून घेतला तर म्हातारा. केळीला ते चालतं, तिला पुन्हा पोरवयात आणता येतं. भुरीला फुलणं म्हणजेच शेवट. मी बेचाळीस बाटल्यांत बेचाळीस म्हाताऱ्या भरायला सांगितल्या होत्या, तेही फोनवर, पोळ्या लाटता लाटता. पोरीने हानाच्या लोकांना शब्द दिला होता, आणि तो माझ्या फुशारकीपायी मोडणार होता.

जयूने मला पाणी आणून दिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

आणखी एक गोष्ट होती, ती मी तिला उशिरा दाखवली. सगळी फुलं एकाच बाजूला वाकली होती. उजेड वरून होता, सगळीकडे सारखा. फुलं मात्र पश्चिमेच्या भिंतीकडे बघत होती.

‘त्या भिंतीमागे काय आहे?’ मी विचारलं.

‘पार्किंग.’

‘त्याच्या मागे?’

जयूने भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘डोंगर.’

मी लॅबवाली बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी पाच बाटल्या उलट फिरवून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाचांतली फुलंही भिंतीकडे वळलेली होती. जयू म्हणाली पंख्याची हवा असेल. पंखा दुसऱ्या भिंतीवर होता, पण मी वाद घातला नाही.

त्या दिवशी दुपारी भांडी घासताना मला सुचलं. बाटल्यांतली फुलं गेल्या वर्षी मेलेल्या झाडाची होती. डोंगरावरचं झाड वेगळं. एकट्या झाडाला पोकळ बी धरतं, दुसऱ्याचा पराग मिळाला तर भरतं. दुसरी तर आमच्याकडे होती, मेली असली तरी. ओल्या हातानेच मी जयूला हाक मारली.

तिने ऐकलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागली. ‘आई, तुझे गुडघे,’ ती म्हणाली.

‘येते म्हणाले होते ना मी तिला,’ मी म्हणाले.

डोंगर, दुसऱ्यांदा

बाटल्या एका डब्यात भरल्या. त्याला तिकडे चिली बिन म्हणतात. मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मिरचीचा डबा समजले होते, पण तो बर्फाचा. पायथ्याशी हाना वाट बघत होती. बूट धुऊन झाल्यावर मी तिच्यासमोर उभी राहिले आणि जयूला म्हटलं, मला बोलू दे.

‘देठ घ्यायला मी सांगितलं,’ मी म्हणाले. ‘चूक माझी. जयूची नाही.’ इंग्रजीत तेवढंच जमलं.

हानाने चिली बिन उचलला आणि माझ्या हातात दिला. ‘मग तूच ने,’ ती म्हणाली.

गुडघे काय म्हणत होते ते लिहीत नाही. मागून दगड वाजत होते, एक, दोन, एक, दोन, आणि या वेळी मी मागे बघितलं नाही. भीती वाटत होती, खरं सांगते. पण डब्याला एक वजन होतं आणि ते वाहायचं काम माझं होतं. जसजशी वर गेले तसा डबा हलका लागायला लागला. चढाने दमलेल्या माणसाला जड लागायला हवा.

भुरी एकटीच फुलली होती. करड्या दगडांत मुठीएवढा पांढरा झेला, आणि तोच वास. मी दगडांवर पालथी पडले. जयूने एकेक बाटली उघडून धरली, मी बारीक ब्रशने त्यातला पराग उचलून भुरीच्या फुलांना लावत गेले. एकतीस वर्षांचा हात आहे माझा, एकही फूल सुटलं नाही. एक किया, म्हणजे तिथला डोंगरी पोपट, येऊन बसला होता. भलता आगाऊ पक्षी, गाड्यांचं रबर काढून खातो. पण तो चोच न उघडता बसून होता.

शेवटच्या बाटलीनंतर मी मान वर केली. उतारभर, खालपासून वरपर्यंत, दगड एकदम सरकले. एखादं मोठं जनावर झोपेत कूस बदलतं तेवढेच, आणि थांबले. आम्हाला खरचटलंही नाही. हाना म्हणाली, ‘चला आता.’

मी काहीच न म्हणता निघाले. जीभ आवरून धरली होती.

डोंगर, शेवटचं

मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत आणून पांढऱ्या खोलीत ठेवलेली सगळी रोपं एका दिवसात तपकिरी झाली. जयूने बाटल्या धुवायला घेतल्या आणि मी हानाला फोन लावायला सांगितला. बी पिकलं असणार, हे आम्हाला विचारावं लागलं नाही.

वर भुरी वाळून कागद झाली होती. शेंगा चपट्या, पिवळट. मी एक बी काढून नखावर घेतली. दाबायचं धाडस होईना. जयू म्हणाली, ‘दाब आई, कळायला तर हवं.’

दाबली. फुटली नाही. पुन्हा जोर लावला, तर नख दुखलं. आत भरलेली होती.

जयू तिथेच दगडांवर बसून रडली. लहानपणी पडल्यावर रडायची तशी, तोंड उघडं टाकून. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि माझंही मन भरून आलं. अर्धं बी फ्रिजसाठी पाकिटात घेतलं, अर्धं हानाने दगडांच्या फटींत टाकलं, तिचे शब्द म्हणत.

मग निघायची वेळ झाली, आणि माझी पंचाईत झाली. दोन आठवड्यांनी माझं विमान होतं. हे गुडघे, हे वय, मी पुन्हा त्या उतारावर चढणार नव्हते, आणि ते मला माहीत होतं. येते म्हटलं तर खोटं. जाते हा शब्द माझ्या तोंडून कधी निघालेला नाही, आमच्या ह्यांना शेवटचं हॉस्पिटलात नेलं तेव्हा ते ‘येतो गं’ म्हणून गेले. मी त्या वाळक्या गुच्छापाशी उभी राहिले. हाना आणि जयू माझ्याकडे बघत होत्या. दगड मागेपुढे कुठेच वाजत नव्हते.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की या वेळी निघालेली मी नव्हे. निघाली होती ती. आणि निघालेल्या माणसाला घरात राहिलेलं माणूस काय म्हणतं, ते मला चांगलं माहीत होतं.

मी वाकून म्हणाले, ‘ये हं.’

हानाने अर्थ विचारला नाही.

जळगाव

परत येऊन सात महिने झाले. मला कोणी ते दगडांचे आवाज, भिंतीकडे वळलेली फुलं यांचं कारण विचारलं तर माझ्याकडे नाही. जयू पंख्याचंच सांगते.

परवा दिवाळीचा फराळ करत होते. चकलीचं पीठ हातात, आणि फोन वाजला. तिकडे वसंत सुरू झालाय. हाना एकटीच वर जाऊन आली होती, आणि तिने काढलेला फोटो जयूने मला पाठवला होता. मी पिठाच्या बोटांनी तो मोठा करून पाहिला. नुसते दगड. कितीतरी वेळ मला दगडच दिसले. मग एका फटीत दोन राखाडी पानं दिसली, भाताच्या दाण्याएवढी. मग दुसऱ्या फटीत आणखी दोन. मग कुठे बघावं ते कळेना.

खाली जयूने लिहिलं होतं, ‘हाना म्हणतेय, आंटीला सांग, ती आली.’